सुरक्षित हात, निर्दोष भाग

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिक जिल्ह्यातील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए लढाऊ विमानाचे उड्डाण झाले. या विमानांसाठी उभारलेल्या तिसऱ्या उत्पादन-साखळीचे उद्घाटनही त्याच दिवशी करण्यात आले. वर्षाला आठ विमाने तयार करण्याची क्षमता डोळ्यांपुढे ठेवून ही साखळी उभारण्यात आली आहे.

एका विमानात लहानमोठे हजारो भाग असतात. त्यांतील पुष्कळसे भाग मुख्य कारखान्याबाहेर, मध्यम व लहान कारखान्यांत तयार होतात. विमानांची मागणी वाढली की या प्रत्येक कारखान्यातील यंत्रांचा वेग, पाळ्यांची संख्या आणि कामगारांवरील ताण वाढतो. अशा वेळी एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. कामगाराच्या सुरक्षिततेसाठी खर्च होणारा वेळ उत्पादनातून वजा होतो काय? या प्रश्नाचे उत्तर हिशेब किती दिवसांचा मांडला जातो यावर अवलंबून आहे. एका पाळीचा हिशेब मांडला तर सुरक्षितता खर्चाच्या बाजूस दिसते. वर्षाचा मांडला तर ती जमेच्या बाजूस येते.

महाराष्ट्र आणि विमान-उद्योग

भारतातील विमान-उद्योगाचा पाया सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी घातला. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९६४ मध्ये तिचे रूपांतर हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झाले. मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी ओझरची निवड झाली, ती याच सुमारास. मिग-२१ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. परंतु त्याच्या निमित्ताने नाशिक परिसरात कुशल कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यानंतर ओझर येथे सुखोई-३० विमानांची निर्मितीही झाली. विदर्भात नागपूरच्या मिहान क्षेत्रात बोइंग ७८७ या प्रवासी विमानासाठी तंतुमिश्र पदार्थांच्या तुळया तयार करण्यात आल्या. तात्पर्य, विमानाचे भाग घडविणारा कामगार आज राज्याच्या अनेक भागांत आहे आणि त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा राज्याचा स्वतःचा प्रश्न आहे.

धोके कोणते?

विमानाचा भाग हलका आणि तितकाच बळकट असावा लागतो. म्हणून ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम यांची मिश्रणे आणि कार्बनतंतूंचे पदार्थ वापरले जातात. यांतील प्रत्येक पदार्थाचा गुण वेगळा, तसा त्याचा धोकाही वेगळा.

अनेक भाग धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढावे लागतात. काही भागांच्या बाबतीत मूळ ठोकळ्याचा नऊ-दशांशापर्यंत हिस्सा चिप्सच्या रूपाने गळून पडतो. या चिप्स गरम व धारदार असतात. फिरत्या कटरभोवती गुंडाळलेली चिप हाताने ओढण्याच्या मोहापायी बोटे जायबंदी होतात. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत, असा नियम आहे, कारण मोजा कटरमध्ये अडकला की हात आत ओढला जातो. ज्या वस्तूने एका कामात संरक्षण मिळते, तीच दुसऱ्या कामात घातक ठरते, हे यावरून ध्यानात यावे. टायटॅनियम व मॅग्नेशियम यांचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास ज्वलनशील हायड्रोजन वायू निर्माण होऊन आग भडकते. अशी आग विझविण्यासाठी कोरडी वाळू किंवा खास भुकटी लागते.

पत्र्यांची जोडणी हजारो रिव्हेटांनी होते. रिव्हेट ठोकण्याच्या कामात आवाज पुष्कळदा १०० डेसिबलच्या वर जातो. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे आकड्यांतील लहानशी वाढही कानास मोठी असते आणि अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हातातील यंत्राच्या सततच्या कंपनांमुळे बोटांतील रक्ताभिसरण बिघडते. थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात आणि पुढे बारीक काम करणे अवघड जाते.

याखेरीज रासायनिक प्रक्रियांचे धोके आहेत. भाग गंजू नये म्हणून क्रोमियमयुक्त आम्लाची प्रक्रिया आणि क्रोमेट असलेला प्राथमिक रंग वापरला जातो. या रंगातील षट्संयुजी क्रोमियमचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पोलादी भागांवर चढविण्यात येणारे कॅडमियम मूत्रपिंडास अपाय करते. लेथवरील अपघात क्षणात दिसतो. क्रोमियम वा कॅडमियमचा अपाय मात्र वर्षानुवर्षांनी, कित्येकदा कामगार सेवानिवृत्त झाल्यावर प्रकट होतो. म्हणूनच उत्पादनाच्या मासिक तक्त्यात त्याची नोंद कधी उमटत नाही.

एका मिनिटाचा हिशेब

सुरक्षितता आणि उत्पादन यांचा विरोध बहुधा एखाद्या मिनिटावरून सुरू होतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका मिलिंग यंत्रावर एक भाग तयार करण्यास २० मिनिटे लागतात. यंत्र पूर्ण थांबू देऊन, गार्ड उघडून, आकड्याने चिप्स काढून, गार्ड पुन्हा लावण्यास आणखी १ मिनिट लागते. पाळीतील प्रत्यक्ष कामाचे ४२० मिनिटे धरल्यास गार्ड वापरून २० भाग होतात आणि गार्ड काढून ठेवल्यास २१. म्हणजे दिवसाला एक आणि २५ दिवसांच्या महिन्यात २५ भागांचा फायदा दिसतो. मोबदला नगांवर असेल तर कामगारास, आणि मासिक उद्दिष्ट डोक्यावर असेल तर फोरमनलाही, हा फायदा खुणावतो.

आता दुसरी बाजू पाहू. या घाईत कामगाराच्या हातास इजा झाली आणि तो सहा आठवडे कामावर येऊ शकला नाही. त्याच्या जागी आलेला नवखा कामगार दिवसाला २० ऐवजी १५ भाग काढतो. कामाचे ३६ दिवस धरल्यास १८० भागांची तूट येते. गार्ड काढून मिळविलेल्या महिना २५ भागांच्या फायद्याने ही तूट भरून काढण्यास सात महिन्यांहून अधिक काळ लागेल. नवख्या हातून बिघडलेले भाग, चौकशीसाठी थांबलेले यंत्र आणि औषधोपचार हे त्याहून वेगळेच. गेलेले बोट तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

विमानाच्या भागांबाबत हा हिशेब अधिकच कडक होतो. बिघडलेला भाग दुरुस्त करून चालविता येईलच असे नाही. महागड्या मिश्रधातूचा ठोकळा आणि त्यावर आधी झालेले सर्व काम वाया जाते. प्रत्येक भागाबरोबर त्याच्या धातूची, प्रक्रियेची व तपासणीची नोंद जोडलेली असते. घाईत एक पायरी गाळली गेली, तर त्या दिवशी झालेल्या सर्वच भागांविषयी शंका उत्पन्न होते.

एकाच शिस्तीची दोन फळे

विमान-उद्योगातील कित्येक नियम विमानाच्या सुरक्षिततेसाठी जन्मास आले. पण त्यांचा लाभ कामगारासही मिळतो. जोडणी-विभागात प्रत्येक हत्याराची जागा फळ्यावर त्याच्या आकृतीसह आखलेली असते. पाळी संपताना एखादी आकृती रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत काम पुढे सरकत नाही. विमानात विसरलेला पाना किंवा एखादी चिप उड्डाणात नियंत्रणाच्या यंत्रणेत अडकू शकते, म्हणून ही शिस्त. तिच्यामुळे हत्यार शोधण्यातील वेळ वाचतो आणि पायाखाली वा डोक्यावर पडलेल्या हत्याराने होणारी इजाही टळते.

कार्बनतंतूंच्या भागांना भोके पाडताना उडणारी धूळ जागच्या जागी शोषून घेतल्यास कामगाराच्या त्वचेचे व श्वसनमार्गाचे रक्षण होते. हीच धूळ विद्युत्‌वाहक असल्याने यंत्रांच्या विद्युत्‌-पेट्यांत शिरून बिघाड करू शकते. तिला आवर घातल्याने यंत्रही चालू राहते. पुरेसा उजेड असला की डोळ्यांवरील ताण कमी होतो आणि भागावरील बारीक ओरखडाही वेळीच दिसतो. कंपन कमी असलेले रिव्हेट-यंत्र बोटे वाचविते आणि रिव्हेटही एकसारखा बसतो. दमलेला, कानठळ्या बसलेला, भीतीच्या छायेत काम करणारा कारागीर अचूक काम करू शकत नाही, हे येथे निराळे सांगावयास नको.

दोन अनुभव

या संदर्भात अमेरिकेतील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. अल्कोआ ही ॲल्युमिनियम तयार करणारी कंपनी विमान-उद्योगास धातू व घडविलेले भाग पुरवीत असे. १९८७ मध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांपुढील पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेस अग्रक्रम दिला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कोठेही कामगारास इजा झाली तर त्याची माहिती व ती पुन्हा होऊ नये यासाठीची योजना २४ तासांत वरपर्यंत पोहोचली पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. या दंडकामुळे यंत्रावरील कामगारापासून प्रमुखापर्यंत निरोप जाण्याची वाट मोकळी झाली. त्याच वाटेने काम सुधारण्याच्या सूचनाही वर येऊ लागल्या. इजेमुळे काम बुडण्याचे प्रमाण १०० कामगारांमागे १.८६ होते, ते ओनील यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस सुमारे ०.२ पर्यंत उतरले. याच काळात कंपनीचा निव्वळ नफा सुमारे पाचपट झाला. नफ्यास इतरही कारणे होती. पण सुरक्षिततेमुळे उद्योग बुडतो, हा समज त्यातून खोटा ठरला.

दुसरे उदाहरण ५ जानेवारी २०२४ चे आहे. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-९ विमानाच्या बाजूस दाराच्या जागी बसविलेला झाकणवजा भाग उड्डाणानंतर काही मिनिटांतच निखळून पडला. विमानात १७७ जण होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. सदोष रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी कारखान्यात तो भाग उघडण्यात आला होता आणि परत बसविताना त्याचे चार बोल्ट लावलेच गेले नव्हते, असे तपासात आढळले. कामगारांना पुरेसे प्रशिक्षण, स्पष्ट सूचना व देखरेख न मिळणे, हे या घटनेचे संभाव्य कारण असल्याचा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०२५ मध्ये काढला. या घटनेनंतर सरकारने या जातीच्या विमानांचे उत्पादन महिना ३८ वर रोखून धरले. ही मर्यादा ऑक्टोबर २०२५ मध्ये ४२ पर्यंत वाढविण्यात आली. चार बोल्ट लावण्यास लागणारी मिनिटे आणि त्यापायी रोखले गेलेले महिन्यांचे उत्पादन, यांची तुलना ज्याची त्याने करावी.

क्रोमियमचा पेच

तथापि, सुरक्षितता व उत्पादन यांचा मेळ प्रत्येक वेळी सहज बसतो, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. क्रोमियमचा प्रश्न याची साक्ष देतो. २००६ मध्ये अमेरिकेने कामाच्या जागेतील हवेत षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा दर घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरविली; पूर्वी ती ५२ होती. विमाने व त्यांचे मोठे भाग रंगविण्याच्या कामात मात्र केवळ वायुवीजनादी यांत्रिक उपायांनी ५ पर्यंत उतरणे शक्य नसल्याचे दिसून आले. म्हणून या कामासाठी यांत्रिक उपायांनी २५ पर्यंत यावे आणि उरलेले संरक्षण श्वसन-मुखवट्याने द्यावे, अशी तजवीज करण्यात आली.

क्रोमियम वापरणेच सोडून द्यावे, हा मूलगामी उपाय होय. बोरिक-गंधकाम्ल व टार्टरिक-गंधकाम्ल यांच्या मिश्रणांनी ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढविण्याच्या पद्धती त्यासाठी विकसित झाल्या आहेत. परंतु नव्या पद्धतीचा भाग उष्णता, दमटपणा व भार यांपुढे अनेक वर्षे टिकतो, हे आधी सिद्ध करावे लागते. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी ही सावधगिरी आवश्यकच आहे. मधल्या काळात कामगारास मात्र जुन्याच प्रक्रियेजवळ उभे राहावे लागते. हा मधला काळ कमीत कमी जणांनी, कमीत कमी वेळ आणि उत्तमोत्तम संरक्षणासह काढावा, एवढे व्यवस्थापनाच्या हाती निश्चित आहे.

कायद्याची चौकट

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांस कुंपण घालणे, डोळ्यांचे रक्षण, कामाचे तास व जादा कामाचा दुप्पट मोबदला यांविषयी तरतुदी केल्या. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या अधिनियमात मोठी सुधारणा झाली. त्यानुसार धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक करण्यात आली.

हा व इतर कायदे मिळून १३ कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत एकत्र करण्यात आले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पूर्वी १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. संहितेत ही मर्यादा ५०० वर आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० वर आणण्यात आली आहे. ठरवून दिलेल्या वर्गांतील कामगारांची दरवर्षी विनामूल्य वैद्यकीय तपासणी करावयाची आहे. गंभीर इजेचा धोका समोर दिसत असल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा मार्गही कामगारास खुला आहे.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असल्यास त्यास कारखाना म्हटले जाते. सुटे भाग पुरविणारी कित्येक वर्कशॉप त्याहून लहान असतात. तेथे सुरक्षा अधिकारी नसतो, समिती नसते. मालक स्वतःच एका यंत्रावर उभा असतो. विमानाच्या भागाची अचूकता मात्र त्याच्याकडून तीच अपेक्षित असते.

समतोल कसा साधावा?

प्रथम, धोका मुळातच काढून टाकता येतो काय, हे पाहावे. ते शक्य नसल्यास कमी धोक्याचा पदार्थ वापरावा, नंतर यंत्र बंदिस्त करावे, त्यानंतर कामाची पद्धत बदलावी आणि मुखवटे, चष्मे, कानबंद यांवर सर्वांत शेवटी विसंबावे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा लावला जातो, कारण चष्मा स्वस्त असतो आणि गार्ड महाग.

दुसरे, कामाचा प्रमाणित वेळ ठरविताना गार्ड उघडण्या-लावण्याचा, चिप्स काढण्याचा व हत्यारे मोजण्याचा वेळ त्यातच धरावा. आधीच्या उदाहरणात दिवसाचे उद्दिष्ट २१ ऐवजी २० ठरविले, तर नियम मोडण्याचे कारणच उरत नाही. मोबदला नगांवर द्यावयाचा असल्यास तो तपासणीत उतरलेल्या निर्दोष भागांवर द्यावा.

तिसरे, थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद व्हावी आणि ती करणाऱ्यास शिक्षेचे भय नसावे. एका अपघाताने जे कळते, ते टळलेल्या प्रसंगांतून कोणासही इजा न होता कळू शकते. महिनाभर एकही इजा न नोंदविणाऱ्या विभागास बक्षीस देण्याची प्रथा वरवर चांगली दिसते. पण तीमुळे किरकोळ जखमा लपविल्या जातात.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समतोलाचा निर्णय यंत्रापाशी होण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. मोठी कंपनी लहान पुरवठादारास भाव व मुदत ठरवून देते, त्याच वेळी तेथील कामगारास जादा पाळी करावी लागणार की नाही, हे ठरते. म्हणून खरेदी करणाऱ्या कंपनीने पुरवठादाराची निवड करताना गेज व प्रमाणपत्रे यांच्याबरोबर गार्ड, वायुवीजन आणि कामाचे तासही तपासावेत. मुदत आखताना सुरक्षित वेगाचाच आधार घ्यावा.

प्रशिक्षण संस्था आणि ग्रामपंचायती

सुरक्षिततेची सवय नोकरी लागल्यावर लावणे कठीण जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी पहिल्या जॉबपासूनच चष्मा, बंद बाह्या, चिप्ससाठी आकडा व ब्रश यांचा आग्रह धरावा. जॉबला गुण देताना मापाबरोबर काम करण्याच्या पद्धतीसही गुण असावेत. माध्यमिक शाळांत ध्वनी, ज्वलन व विद्युत्‌ हे पाठ शिकविताना कारखान्यातील उदाहरणे दिल्यास विज्ञानही समजेल आणि उद्याचा कामगारही सावध होईल.

कारखान्यांत जाणारे अनेक तरुण आसपासच्या गावांतून येतात. क्रोमेट किंवा कॅडमियमची धूळ लागलेले कपडे घरी नेल्यास ती लहान मुलांपर्यंत पोहोचू शकते. असे कपडे कारखान्यातच धुतले जावेत, ही गोष्ट घरच्या माणसांनाही माहीत असली पाहिजे. मुलामा चढविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातील षट्संयुजी क्रोमियमवर प्रक्रिया करून त्याचा गाळ अधिकृत ठिकाणीच पाठविला जाणे आवश्यक असते. ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी पिवळसर दिसू लागल्यास ग्रामपंचायतीने ते तपासून घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे. लागोपाठच्या पाळ्यांनंतर रात्री दुचाकीवरून गावी परतणाऱ्या कामगाराची झोप व वाहतूक हाही ग्रामसभेत बोलण्याजोगा विषय आहे.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी ४ मार्च हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कारखान्यांत शपथ घेतली जाते, फलक लागतात. या शपथेची कसोटी महिनाअखेरीस, उद्दिष्ट अपुरे असताना आणि पाळीप्रमुख घड्याळाकडे पाहत असताना लागते. त्या वेळी गार्ड लावण्यासाठी यंत्र थांबविणाऱ्या कामगारास पाठिंबा मिळाला, तर त्याची बोटे शाबूत राहतील आणि त्याने घडविलेल्या भागावर विसंबून विमानात बसणारा वैमानिकही सुखरूप जमिनीवर उतरेल.